चौघींत वाटलेल्या गोळ्या

प्रिय आये,

हे मी कागदावर लिहून त्याचे फोटो रोशनीच्या मोबाईलवर टाकतोय. रोशनी, तू हे आपल्या आईला मोठ्यानं वाचून दाखव, आणि एकटीला नाही. काळूराम काकाला बोलाव, बायडी मावशीला बोलाव, ओट्यावर बसव सगळ्यांना. एक ओळ गाळायची नाही. काका मध्येच उठला तर म्हणायचं, बस काका, किशनचं अजून संपलं नाही. फोनवर मला बोलताच येत नाही. फोन स्पीकरवर असतो, माझ्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं काका देतो आणि आये, तू ‘बरी हाय’ म्हणून मोकळी होतेस. पाठीचा मणका दबलेली बाई बरी कशी असेल? पट्टा बांधून पडून आहेस, परसाकडं जायला रोशनीचा खांदा लागतो, आणि म्हणे बरी हाय.

मी इथं राजस्थानात आहे. सगळीकडं वाळू, आणि वाळूत आम्ही पवनचक्क्या उभ्या करतो. वर चढून बोल्ट आवळायचे हे माझं काम. तुला वाटायचं हे पोर कुठंच टिकणार नाही, आणि खरंच काल्हेरच्या गोदामात मी दोन महिने काढले, सुरतेला चार, पुढचं सांगत नाही. इथं वर्ष झालं. वर गेलं की खालचं कोणी ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून असेल.

गेल्या आठवड्यात मी भिवंडीच्या डॉक्टर नीरजा मॅडमना फोन लावला. तीन वेळा कंपाउंडरनं ‘बाद में करो’ म्हणून ठेवला. चौथ्या वेळी म्हणालो, भाऊ, मी तिकडं येऊ शकत नाही, पण दिवसभर फोन लावू शकतो. मग मॅडम आल्या. ड्युटीच्या कागदामागं त्या सांगतील ते लिहून घेत होतो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आईची पाळी कितव्या वर्षी गेली? सव्वीस वर्षांचा घोडा, आणि आईचं एवढंही माहीत नाही. मग आठवलं. मी दुसरीत असताना मला दहा दिवस आत्याकडं ठेवलं होतं. परत आलो तर तू पोटावर हात धरून चालत होतीस, आणि शेजारच्या बाया ‘पिशवी काढली, पिशवी काढली’ म्हणत होत्या. मला वाटलं, कुणाची तरी धान्याची पिशवी. मॅडमना हे सांगितलं. मग म्हणाल्या, गर्भाची पिशवी इतक्या लवकर काढली, आणि सोबत अंडाशयं पण काढली असतील, तर हाडांना जपणारं पाणीच आटलं म्हणा. तो ऑपरेशनचा जुना कागद असेल तर शोध, रोशनी. पत्र्याच्या पेटीत बघ.

काका, तू रोशनीला म्हणालास ना, ‘बाईचं हाड झिजायचंच, त्यात काय औषध करायचं?’ मला हे मान्य नाही. आईच्या डोक्यावर अर्धं गाव वाहिलं गेलंय. भाताचे भारे, विटा, मानकोलीच्या गोदामातली खोकी, तुझ्या घराच्या जोत्याचे दगड. तुझा गुडघा दुखला तेव्हा ठाण्यापर्यंत गेलास. तेव्हा कुणी म्हणालं नाही, पुरुषाचा गुडघा झिजायचाच. बस, उठू नको.

गेल्या साली लावणीच्या वेळी आई बांधावरून घसरली. उभ्या जागी पडली आणि मनगट मोडलं. पोरासोरानं पडून उठावं असं पडणं, त्यात हाड मोडतंच कसं, म्हणून मॅडमनी मशीनवर निजवून तपासलं आणि हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलं. गोळी दिली. आठवड्यातून एक. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, पेज नाही. मग अर्धा तास बसायचं नाहीतर उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. एका पाकिटात चार गोळ्या.

आणि आये, तू काय केलंस? खेकडे-चिंबोऱ्या आणल्या तरी चार चुलींना वाटा जातो आपल्यात, एकट्यानं खाल्लं तर घास उतरत नाही. तू बघितलंस चार गोळ्या आहेत, आणि टेंपोतून रोज गोदामात जाणाऱ्या तुम्हा चौघींची पाठ दुखते. बायडी मावशीला एक, बाकीच्या दोघींना एक एक, आणि तुझ्या वाट्याला एकच. हे ऐकून मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या आधी हसल्या, म्हणाल्या, ‘तुमच्या आईनं औषधाचा प्रसाद केला.’ मग रागावल्या. दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही म्हणजे नाही. मावशी, तू गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतलीस आणि परत निजलीस. ती गोळी अन्ननळीत अडकली की तिथंच भाजते, म्हणून तर बसायला सांगतात. ‘ठकू, छातीत निखारा ठेवलाय गं कुणी’ म्हणून आईच्या नावानं ओरडत तू सगळा पाडा गोळा केलास. तुझं जळणं खरं होतं, मावशी. पण औषध विषारी नव्हतं. मात्र त्या दिवसापासून पाड्यात त्याला जाळगोळी नाव पडलं, आईची गोळी बंद झाली आणि राहिलेली पाकिटं आढ्याला खोचून ठेवली गेली.

नऊ महिन्यांनी मानकोलीच्या आधीच्या गतिरोधकावर टेंपो उसळला. सगळ्या बाया उसळल्या, सगळ्या हसल्या, आये, तू एकटी खाली बसलीस ती बसलीसच. नुसत्या धक्क्यानं मणका दबला. मॅडम म्हणाल्या, काही केलं नाही तर पुढचा मणका असाच जाईल, नाहीतर खुबा. खुबा मोडला तर तू पुन्हा पायावर उभी राहशीलच असं त्या सांगू शकत नाहीत.

आता काय काय करता येतं ते ऐक. मी चार वेळा विचारून लिहिलंय. एक तर तीच गोळी, पण नीट. अर्धा तास ताठ बसायचं. तुझी पाठ आत्ता तेवढं बसू देईल का, हा सवाल. दुसरं, सलाईन. वर्षातून एकदा अर्धा तास हातात सुई, झालं. पण नंतर दोन-तीन दिवस ताप येतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं. पहिल्या खेपेला जास्त. तेव्हा पाड्यात कुणी अंगात आलं म्हणायचं नाही, पाणी पाजायचं आणि तापाची गोळी द्यायची. त्याआधी रक्त तपासून किडनी बघतात. तिसरं, दर सहा महिन्यांनी कातडीखाली इंजेक्शन. चांगलं आहे, पण चुकवलं की हाडं झपाट्यानं खचतात, मणके एकामागून एक जातात. म्हणजे शेतात कितीही काम असलं तरी तारीख म्हणजे तारीख. चौथं, रोज टोचायचं इंजेक्शनचं पेन, त्यानं नवीन हाड भरतं, पण महाग, आणि ते संपल्यावर दुसरं औषध लागतंच. कुठलंही घे, सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व आहेच.

काका, जबडा सडतो असं तू मोबाईलवर बघितलंस. मी तेही विचारलं. होतं, पण हजारो बायकांत एखादीला, आणि बहुतेक दात उपटल्यावर. म्हणून आधी दातवाल्याकडं जायचं. आये, तुझी ती हलणारी दाढ, जिला दोरा बांधून ओढतेस आणि वरून मशेरी घासतेस, ती आधी काढून जखम भरू दे. आणि बरीच वर्षं औषध घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड दुखायला लागतं, तसं झालं तर लपवायचं नाही, सांगायचं. ‘बरी हाय’ म्हणायचं नाही. एवढंच भय आहे. न घेतल्याचं भय तुझ्या पाठीत आहे.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. रोशनी, इथं थांबू नको. पाड्यात कुणी म्हणतं काकानं गोळी बंद केली, कुणी म्हणतं बायडीनं. आई गप्प बसून दोघांना बोल खाऊ देते. बंद मी केली. बायडी मावशीचं झालं त्या दुपारी आईनं मला फोन केला होता, ‘पोरा, घेऊ का नको?’ मी टॉवरच्या पायाशी होतो, मुकादम शिव्या घालत होता, मला एवढंच कळलं की कुणाचं तरी काहीतरी जळतंय. म्हणालो, ‘बंद कर, फेकून दे.’ मला काय ठाऊक होतं? काहीच नाही. घरात बाप नाही, मी कमावता, म्हणून माझा शब्द. जिनं कुणाचं कधी ऐकलं नाही तिनं माझं ऐकलं, आणि नऊ महिने माझं नाव झाकून ठेवलं. आये, ते चार शब्द मी सगळ्यांसमोर परत घेतो. काका, मावशी, तुमच्यावरचा आळ माझा आहे. आणि रोशनी सांगते, मॅडमनी परवा विचारलं तर तू पुन्हा म्हणालीस, ‘किशन म्हणंल तसं.’ किशन काही म्हणणार नाही. मला त्यातलं एक बरं वाटतं, पण ते मी लिहिलेलं नाही, शोधू नकोस. अंग तुझं आहे, ताप तुला येणार, वाकायचं तुला आहे. सोमवारी दहा वाजता मॅडम तुझ्याकडं बघून विचारतील. त्या वेळी माझा फोन बंद असेल. मुद्दाम.

तुझाच,
किशन