नदीचं वकीलपत्र

तीर्थस्वरूप मामांस भाचीचा साष्टांग नमस्कार. (खोलीत पलंग सोडला तर आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा हा उभ्यानेच घातला आहे, पोचला असं समजावं.) गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देते का? मी खुशाल आहे. म्हणजे अंगाने खुशाल आहे. बाकीचं सविस्तर लिहिते, ते बसून वाचावं आणि आईला वाचून दाखवू नये.

तुम्ही मध्ये पडलात म्हणून बाबांनी मला तीन महिन्यांच्या या इंटर्नशिपला सोडलं, हे मी विसरलेले नाही. बाबांचं म्हणणं तुम्हाला पाठच आहे: आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा ही काही वकिली नव्हे, नदीचं वकीलपत्र कोण देणार आणि त्यावर सही कोण करणार. शेवटी तुम्हीच अट लिहून दिलीत, की तिसरा महिना संपेपर्यंत इथल्या मुख्य वकीलबाईंचं शिफारसपत्र आलं तर मी या मार्गाला लागावं. नाही आलं तर मुकाट्याने परतून बाबांच्या ऑफिसात विहिरी, बांध आणि भाऊबंदकीचे दावे लिहीत बसावं, जन्मभर. महिना संपायला नऊ दिवस उरले होते, तेव्हाची ही हकीकत.

मला वाटलं होतं, इथे मी समुद्राची बाजू मांडीन. मामा, पहिले अडीच महिने मी कपाटातल्या फायलींना नंबर घातले. (चारशे सहा. समुद्र दोनशे नव्वदला आहे.) मग त्या सोमवारी बाईंनी प्रथमच एक करार माझ्या हातात दिला आणि मंगळवारच्या बैठकीसाठी प्रती काढायला सांगितल्या. करार असा, की एक नदी आणि तिच्यावर दोन देश. वरच्या देशाचे कारखाने नदीत घाण सोडतात आणि खालचा देश ती पितो. आमच्या ऑफिसच्या मध्यस्थीने अकरा वर्षं बोलणी चालली आहेत. दोन्हीकडचे वकील (ऑफिसात त्यांना नुसतं ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणतात) जो शब्द पटत नाही त्याच्याभोवती पेनाने चौकोनी कंस घालतात. (कंसाचा विषय मामांच्या पत्रात काढू नये एवढं मला कळतं, पण इलाज नाही.) कंसातला शब्द म्हणजे भांडणातला शब्द. सतरा पानांत असे दोनशे चौदा कंस होते. ‘घाण’ कंसात होती, ‘थांबवणे’ कंसात होतं, एके ठिकाणी तर ‘नदी’सुद्धा. ही सगळी रीत मला बुधवारी कळली.

सोमवारी मला फक्त खाडाखोड दिसली. आता यात माझा दोष किती ते तुम्हीच ठरवा. बाबांच्या ऑफिसातून खाडाखोडीचा कागद बाहेर गेला तर ते दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, आणि मी त्यांचीच मुलगी. मी दुपारभर बसून सगळे कंस काढून टाकले, समास आखले, सुबक प्रती केल्या.

मंगळवारी त्या वाटल्या गेल्या. वरच्यांनी वाचलं, खालच्यांनी वाचलं, दोघांनाही बरं वाटलं, कारण जो तो आपल्या सोयीचंच वाचतो. चाळीस मिनिटं इतकी शांतता होती की अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे टिपले. मग वरच्यांच्या ध्यानात आलं, की आपण सगळे कारखाने बंद करायला कबूल झालो आहोत. आणि त्याच पानावर खालच्यांच्या ध्यानात आलं, की या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही असं आपण लिहून दिलं आहे. पुढे जे झालं त्याला बैठक म्हणता येणार नाही.

बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत हेच वाईट. जुनी प्रत समोर ठेवून बुधवारी दुपारपर्यंत मी दोनशे तेरा कंस जागच्या जागी बसवले. राहिला कलम नऊमधला एक. तिथे जुन्या प्रतीवर कॉफी सांडलेली (मीच), आणि तो कंस नेमका कुठे होता यावर वरचे-खालचे पुन्हा जुंपले. तीन वाजेपर्यंत मिटलं नाही तर बोलणी कायमची मोडून दोघंही घरी जाणार होते. म्हणजे अकरा वर्षं पाण्यात आणि माझं पत्रही.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून मी बाबांना फोन लावला. तुम्हाला लावणार होते, पण तुम्ही धीर दिला असता आणि मला बोलणी खायची होती. बाबा रागावले नाहीत. वरचा कोण, खालचा कोण, एकमेकांशी बोलतात का, एवढंच विचारलं. बाबा, हे देश आहेत, असं मी म्हटलं. असू देत, म्हणाले. मग त्यांनी ओढ्यावरच्या दोन भावांचा एक दावा सांगितला. वरचा म्हशी धुवायचा, खालचा शिव्या घालायचा, असं चौदा वर्षं चाललेलं.

“वरच्याला घाण बंद कर म्हणू नकोस, तो ऐकणार नाही,” बाबा म्हणाले. “त्याला म्हणावं, तुझ्या घरचं प्यायचं पाणी तुझ्याच म्हशींच्या खालच्या अंगाला भर.”

मी ते कलम नऊच्या जागी, कलमाच्या भाषेत लिहिलं: प्रत्येक कारखान्याने पिण्याचं पाणी स्वतःच्या सांडपाण्याच्या खालच्या बाजूने उचलावं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि तीनला पाच कमी असताना बैठकीत ठेवलं. खालचे खूश. वरच्यांनी पेन उचललं, पण अकरा वर्षं तेच सांगत आले होते की आमचं सांडपाणी अगदी स्वच्छ असतं. आता प्यायला नाही कसं म्हणणार? पेन खाली ठेवलं. कलम नऊ बिनकंसाचं मंजूर झालं. हे कुठे शिकलीस, असं बाईंनी विचारल्यावर मी वडिलांचं नाव सांगितलं. मामा, ज्या वकिलीला मी आजवर नाक मुरडत आले, तिचा मला त्या दिवशी अभिमान वाटला आणि माझी मलाच लाज वाटली.

असो. मामीला नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. बाईंचं शिफारसपत्र आलं. ते बाबांबद्दल आहे. पुढचे तीन महिने त्यांना इथे बोलावलं आहे, इंटर्न म्हणून. आता खरं काम: तुमच्या अटीत पत्र ‘बाईंचं’ हवं एवढंच लिहिलं होतं, कुणाबद्दल हवं ते लिहिलं नव्हतं. हा मुद्दा बाबांपुढे तुम्ही मांडावा.

दुसरा ता. क. आणखी एक त्यांच्या कानावर घाला. नव्या इंटर्नने जुन्याच्या हाताखाली काम करायचं असा इथला नियम आहे, आणि त्यासाठी बाईंनी मला ठेवून घेतलं आहे. मला हे सांगायची हिंमत नाही.

तिसरा ता. क. काही सांगू नका. बाईंनी परस्पर कळवलं होतं, आत्ताच बाबांचा फोन आला. ‘हाताखाली’ या शब्दाला ते कंस घालतील अशी मला भीती होती. त्यांनी एवढंच विचारलं, की सकाळी किती वाजता हजर व्हायचं. मी नऊ म्हटलं. “बरं, मॅडम,” म्हणाले.