हॉलंडच्या भाषेतली मागणी

एबेनडाल,
९ ऑक्टोबर १९३३

प्रिय जोझायस,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. दोन पानं, निळी शाई, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत डच. वर मायना काय, तर ‘अत्यंत आदरणीय भगिनी’. अरे, शाळेत जिच्या वेणीला तू गोचीड चिकटवलीस ती तुझी आदरणीय भगिनी कधीपासून झाली? चष्मा लावून तीनदा वाचलं, तेव्हा कुठे कळलं की तू खोऱ्यातलं घर विकतोयस, पुढच्या महिन्यात देवळातल्या प्रभुभोजनाला शेवटचं इथे वर, गावात येणार आहेस, आणि तिथूनच लेकीकडे, केपटाऊनला, कायमचा. ‘या भूतलावर पुन्हा भेटीचा योग न आल्यास’ असंही लिहिलंयस. इतकी वाईट बातमी इतके इस्त्रीचे कपडे घालून कधी आली नव्हती. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि आधी पोटभर चिडून घेतलं.

तर हे उत्तर मी आपल्या भाषेत लिहितेय. पंचावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. बोलतो ते कागदावर कसं उतरवायचं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही, तेव्हा चुका असतील. हसायचं तर हस. शाळेत मास्तर छडी आपटून सांगायचे की घरात बोलता ते चुलीपाशी ठेवा, कागदावर डच. शेळ्यांना हाका मारायची भाषा वेगळी, देवाला हाक मारायची वेगळी. हॉलंड तर आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि ते डच शिकवणारे पाद्रीबाबा जर्मन. आठवतं, एकदा एक खराखुरा हॉलंडवाला रानफुलांचं बी गोळा करायला आला होता? तुझ्या आजीचं बोलणं ऐकून म्हणाला, बाई, हे तर मोडकंतोडकं डच झालं. आजी चहा ओतता ओतता म्हणाली, असेल बाबा, तुमची भाषा आमच्या भाषेची आई असेल, पण लेक नांदायला गेली की आईने रोज येऊन तिच्या कालवणातलं मीठ चाखायचं नसतं. त्याने दुसरा कप मागून घेतला. आजीला लिहिता येत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तिलाही डचमधूनच भांडावं लागलं असतं.

इथली बातमी सांगते. बायबल आता आपल्या भाषेत आलं, हे तुझ्या कानावर असेलच. आपल्याकडे प्रत आली मागच्या आठवड्यात, आणि काल देवळात पहिल्यांदा वाचली. आधी गावात दोन तट. पेट्रसकाका दाराशी उभा राहून जाहीर सांगत होता की माझ्या बापाने देवाला डचमध्ये ऐकलं, मीही डचमध्येच ऐकणार, देव काय आता आपल्या गोठ्यात येऊन आपल्यासारखं बोलणार? त्यावर जमिमाकाकू म्हणाली, जन्मला कुठे होता रे तो? पेट्रसकाका टोपी काढून आत येऊन बसला. वाचन सुरू झालं आणि पहिल्या चार ओळींत माझ्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षं ऐकलेलीच गोष्ट, हरवलेल्या मेंढराची. पण आजवर ते मेंढरू हॉलंडात हरवत होतं, काल ते आपल्या मागच्या डोंगरात हरवलं. जमिमाकाकू मोठ्याने म्हणाली, मग उभे काय राहता, शोधायला जा की. सगळं देऊळ हसलं, पाद्रीबाबासुद्धा. मी मात्र रडले, आणि रडता रडता मला तुझी मागणी आठवली.

छत्तीस वर्षांत आपण तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तू बोलला नाहीस, मला धीर झाला नाही. आज बोलते. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, मुलीला मागणी घालायची तर पत्र डचमध्ये, ते तिच्या बापाने घरात मोठ्याने वाचायचं, आणि मुलाने टोपी हातात धरून अंगणात थांबायचं. तू मास्तरांना जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी देऊन पत्र लिहून घेतलंस, हे मला नंतर मास्तरांच्या बायकोनेच सांगितलं. त्या दिवशी तू आमच्या नासपतीच्या झाडाखाली उभा होतास. आत बाबांनी पाकीट फोडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. आता आमच्या घरात मोठ्याने डच कधी ऐकू यायचं? प्रार्थनेच्या वेळी. आई उठून उभी राहिली. तिला बघून आजोबा उठले. भावंडांनी हात जोडून डोळे मिटले. मीही मिटले, खोटं कशाला सांगू. मास्तरांनी लिहिलंही तसंच होतं, ‘आपल्या चरणी नम्र याचना’ आणि काय काय. शेवटचं वाक्य संपलं आणि सगळ्या घराने एका सुरात आमेन म्हटलं. बाबाही म्हणाले. मग पुन्हा कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, पण यात मागितलंय काय?

जोझायस, मी त्या सगळ्याला हसले. बाबांच्या तोंडाकडे बघून, आईच्या जोडलेल्या हातांकडे बघून, पोट धरून हसले. तुला नाही रे हसले. तू बाहेर फक्त हसणं ऐकलंस. मी दाराशी आले तेव्हा तू टोपी घालून ओढ्याच्या पलीकडे पोचला होतास. मागे धावायला हवं होतं. पण मागणी आलेल्या मुलीने मागे धावायची रीत नव्हती, आणि मी तेव्हा रीती पाळत होते. म्हटलं, येईल उद्या. तू खोऱ्यात जाऊन चपला शिवायला बसलास तो तिसऱ्या ईस्टरला वर आलास, लग्न करून, काट्रिनाला बरोबर घेऊन.

काट्रिना चांगली होती. माझा आबेलही चांगला होता. मी दुःखात दिवस काढले असं समजू नकोस, आबेलबरोबर मी भरपूर हसले, आणि त्याला जाऊन आठ वर्षं झाली तरी सकाळी दुसरा कप काढते आणि परत ठेवते. तुझीही तीन वर्षं एकट्याची झाली. गेल्या ईस्टरला तू माझ्या ओसरीवर बसून दोन तास बुटांच्या तळव्यांवर बोललास. माझे बूट तर चांगले धडधाकट होते. मी दोन तास तळव्यांच्या मागून काय निघतं त्याची वाट बघत होते. काही निघालं नाही, आणि आता निघालं ते हे दोन पानी डच. तुझी लेक माग्डा गुणी पोर आहे, पण तिथे केपटाऊनला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तू खिडकीशी बसून काय करणार? तिथे तुझी चेष्टा कोण करणार?

मी आणखी एक ईस्टर वाट बघणार नाही. आता ऐक, पत्र का लिहिलं ते. आज सकाळी मी पाद्रीबाबांकडे गेले आणि सांगितलं की प्रभुभोजनाआधीच्या तीन रविवारी देवळात माझं आणि जोझायस व्हॅलेन्टाइनचं नाव लग्नासाठी पुकारा. ते गडबडले. म्हणाले, लेनीबाई, जोझायसला माहीत आहे का? मी म्हटलं, बुधवारी कळेल त्याला, पत्र जातंय. मग म्हणाले, त्याचा होकार माझ्या हातात पडल्याशिवाय मी पुकारणार नाही, नियम आहे. तर मी विचारतेय, जोझायस, माझ्याशी लग्न करशील का? पहिला पुकार येत्या रविवारी आहे. मास्तर वारले, तेव्हा उत्तर तुलाच लिहावं लागेल. एक शब्द पुरे.

तुझीच,
लेनी