घरट्यातला वाढीव मुक्काम

४ मार्च, बुधवार
माझं आयुष्य आज प्राण्यांच्या दवाखान्यात, काउंटरपाशी बदललं. पार्किंगमध्ये पडलेलं कावळ्याचं पिल्लू मी जिवावर उदार होऊन बुटाच्या खोक्यातून नेलं. काउंटरवरच्या तिने खोक्यात पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या चोचींच्या खुणा पाहिल्या. म्हणाली, हे पडलेलं नाही हो, उडायला शिकतंय. आईबाप वर बसून लक्ष ठेवतात. तुम्ही वाचवलं नाहीत, पळवलंत. जा, ठेवून या.
आवाज काय, डोळे काय!
मग विचारलं, तुम्ही राहता कुठे? म्हटलं, आईबाबांकडे. वय? चोवीस. ती खोक्याकडे बघून हसली.
मी तडकाफडकी निर्णय घेणारा माणूस. तिथल्या तिथे कॉफीचं विचारलं. म्हणाली, आधी स्वतःचं बिऱ्हाड करा, मग मीच येईन कॉफीला.
म्हणजे होच.
रविवारी घर सोडणार. फायनल.

८ मार्च, रविवार
तांत्रिक अडचण. बॅग भरायची तर कपडे धुतलेले हवेत, आणि आईचं मशीन आजच बंद पडलं. या घरात कुणालाच माझ्या भविष्याची पर्वा नाही.
शिवाय वाचलं की ओरांगउटान वानराचं पिल्लू सात-आठ वर्षं आईजवळ राहतं. वानराला इतकी लागतात, तर माणसाला तिप्पट तरी हवीत; मला अजून घाई नाही. बाबांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, ओरांगउटान निदान कॉलेज अर्धवट सोडत नाही.
ताटावरून उठलो. (नंतर जेवलो. आईने झाकून ठेवलं होतं.)

१५ मार्च
खोली बघितली. मालक म्हणाला, काय करता? म्हटलं, सध्या विचार. त्याने दिवा मालवला. अपमान!
तसाच दवाखान्यात गेलो. तिला सांगितलं, ऑर्का नावाच्या देवमाशाचे मुलगे जन्मभर आईसोबत पोहतात, त्यांना कुणी हसत नाही. ती कुत्र्याची नखं कापत होती. म्हणाली, त्यांच्या आया मोजे धुतात का?
तडक निघालो. दार आपटायला गेलो, तर ते हळूहळू मिटणारं निघालं.

२२ मार्च
घरात आईबाबांचं खोकी भरणं चालू आहे. काही समुद्रपक्ष्यांत आईबापच आधी उडून जातात, पिल्लू बिळात राहतं. शेवटी समजलं म्हणायचं यांना! गहिवरून बाबांना म्हटलं, मी हे घर नीट सांभाळीन. बाबा म्हणाले, अरे शहाण्या, भाड्याचं आहे. मी रिटायर झालो, आता एका खोलीचं परवडतं. महिनाअखेर चावी द्यायची.
आईने माझं वेगळं खोकं केलंय. त्यात एक पातेलं, दोन चमचे. विचारलं, हे काय? ती चिकटपट्टी लावत राहिली.
खोल्यांचं उद्यापासून जोरात.

३१ मार्च, संध्याकाळ
उद्यापासूनचं जमलं नाही.
टेम्पो गेला. बल्बसुद्धा नेले. खिडकीच्या उजेडात लिहितोय. चावी खालच्या मजल्यावर द्यायची आहे.
आत्ताच दवाखान्यातल्या तिचा मेसेज आला (नंबर मी तिथल्या रजिस्टरमध्ये ठळक लिहिला होता). सोडलं का घर? लिहिलं, आज सोडलं, कायमचं. यात एक अक्षर खोटं नाही. तिने लिहिलं, शाब्बास! पत्ता पाठवा, शनिवारी येते कॉफीला.
माझ्याकडे एकच नवा पत्ता आहे. पाठवला.
लगेच आईचा फोन. फ्रीजशेजारी तुझी गादी टाकलीये, लवकर ये, गरम आहे तोवर जेव. म्हटलं, आई, शनिवारी तू आणि बाबा दिवसभर कुठे बाहेर जाल का? म्हणाली, कुठे जाणार? आत्ताच तर आलो.
पातेल्याचं खोकं उचललं. बाहेर पडतो. दार ओढून घेतो.