निवळीचं पाणी

५ ऑगस्ट, सोमवार
वर डोंगरात रस्त्याचं खोदकाम सुरू झाल्यापासून नाला लाल वाहतोय. रात्री भरलेल्या हंड्यात सकाळी चार बोटं गाळ! माझ्या दिव्याचं पोट पंधरा दिवस झाले थांबत नाही. एवढीशी चार वर्षांची पोर. पाणी समितीच्या लच्छूभाऊंनी एटापल्लीच्या कचेरीत खेटे घालून पाणी तपासणाऱ्या साहेबांना यायला कबूल केलं. अहवाल वाईट आला तरच गावाला बोअर मिळणार. वाईटच येऊ दे.

७ ऑगस्ट
साहेब आले. नाल्याकडे उतरायला चिखल — बूट भरतील ना! 'घरी भरलेलं नाल्याचंच पाणी द्या,' म्हणाले. लच्छूभाऊंनी पाच घरं फिरवली. पहिलं आमचं, शेवटचं अतुलचं. मी लोटा पुढे केला, तो त्यांनी तसाच बाटलीत ओतला.

१६ ऑगस्ट
अहवाल आला. पाचही बाटल्या चांगल्या. गढूळपणा नाही, बोअर नाही.
अतुल चावडीवर ओरडत होता, "लच्छू साहेबाच्या जीपमंदी बसून गेला ना? विकल्या गेला हा!" सगळं गाव मान डोलवत होतं.
मी घरी आले, हंड्याकडे पाहिलं आणि तो झाकून ठेवला.

१७ ऑगस्ट
कुणाला सांगू? इथेच लिहिते.
एका हंड्याला मी आतून निवळीची बी घासते. आईने शिकवलेलं. गाळ खाली बसतो, वर पाणी निवळशंख. बिया मूठभरच उरल्यात, म्हणून तो हंडा फक्त दिव्याच्या औषधाला आणि पाहुण्याला. साहेब दारात आले नि माझा हात आपसूक तिकडेच गेला. पाहुण्याला लाल पाणी कुणी देतं का!

१८ ऑगस्ट
लच्छूभाऊंशी बोलणं गावाने टाकलं. नाल्यावर त्यांच्या नीलाबाई आल्या की बाया सरकतात. आज मला म्हणाल्या, "कांता, तू तरी बोल न व." मी घागर उचलून चालू लागले. लाज वाटते माझी मलाच.

१९ ऑगस्ट
दिव्याला पुन्हा जुलाब. उद्या बैठक. लच्छूभाऊंना पाणी समितीतून काढणार आहेत.

२० ऑगस्ट
बैठकीत उभी राहिले. "लच्छूभाऊची चूक नाई. साहेबाले म्या निवळीचं पाणी देलं."
कुणी ओरडलं नाही. मग दुसऱ्या घरची, इसरूची म्हातारी खाली बघत म्हणाली, "म्या बी तेच देलं." मग तिसरी बाई उठली. मग चौथी.
पाचवी अतुलची आई.