दहा तोंडांचा वायदा

ताई, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? (गेला नसला तरी चालेल, तोंड उघडत असलं म्हणजे झालं. का ते पुढे कळेल.) आम्ही सगळे बरे आहोत, पण मागचे आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

झालं असं, बाळ भोकाड पसरून रडत होतं आणि मला त्याच्या हिरड्या दिसल्या. काळपट गं! वांग्याच्या सालीसारख्या. पोराला काय रोग लागला म्हणून दिवसभर त्याला हसवायचं आणि तोंडात डोकवायचं, एवढंच काम. (त्याला वाटलं, आई लाडात आलीय.) सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "आमच्या घराण्यात सगळ्यांच्या हिरड्या गुलाबी. हे तुझ्या माहेरचं." वर हसून स्वतःच्या दाखवल्या. खरंच गुलाबी, नजर लागावी अशा.

शेवटी पोराला उचललं आणि दातांच्या कॉलेजात गेले. (शिपाई सोडेना, म्हणे याला एकही दात नाही. मी म्हटलं, माझे आहेत, ते धरा.) आत एक डॉक्टरीणबाई माणसांच्या हिरड्यांचे रंग मोजत होती. कवळीची खोटी हिरडी खरीसारखी दिसावी म्हणून. पेनासारखं यंत्र हिरडीला टेकवायचं, उजेड पडतो, पडद्यावर रंगाचा आकडा येतो. म्हणाली, मी मोठ्यांचेच मोजते. मी रडले. (थोडं खरं, थोडं वाढवून.) तिला शंभर तोंडं हवी होती आणि कुणी उघडून देत नव्हतं. मी म्हटलं, माझं बाळ बघा, दहा तोंडं मी आणते. मग तिनं बाळाच्या हिरड्या बोट फिरवून नीट पाहिल्या आणि म्हणाली, रोगबिग काही नाही, जन्माचा रंग आहे, कित्येकांचा असतो, घरात कुणाचा तरी असेल. मग माझ्या मोजल्या. ताई, मी गुलाबी निघाले! ह्यांना नेलं, हेही गुलाबी. मग हा रंग आणला कुणी?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना नेलं. घराण्याचा रंग मोजायचा म्हणून ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाई आत बघून म्हणाली, "आजी, कवळी काढा." दोन वर्षं एका घरात राहतेय, मला पत्ता नाही! काढली, तर आत हुबेहूब बाळाच्या हिरड्या. कवळी परत बसवली आणि माझ्याआधी दाराबाहेर. आता शेजारणींना सांगतात, नातू अगदी माझ्या वळणावर गेलाय.

तुझी,
धाकटी

ता.क. दहापैकी चारच तोंडं झाली. आम्ही तिघं आणि दूधवाला. तू, भाऊजी, तुझे दीर, जाऊ, नणंद आणि तुझ्या सासूबाई, सगळे सोमवारी सकाळी दहाला कॉलेजात या. दात घासून. तुझ्या सासूबाईंना कवळी आहे का ते आधी विचारू नकोस, तिथं आपसूक कळेल.

आणखी एक. खरं सांगू? तोंडं कुठूनही मिळतील, तू मात्र नक्की ये. आज बाळाच्या खालच्या हिरडीवर पांढरा ठिपका दिसतोय. माझ्या सासूबाई म्हणतात, दात आहे, घाबरू नकोस. पण दातांच्या बाबतीत त्यांचं मी कसं ऐकू, तूच सांग.