रेवाच्या नावाचा मासा

१२ ऑगस्ट १९९२
पुण्याचं बिऱ्हाड एकदाचं हललं! खांदा कॉलनीत दोन खोल्या, भरपूर उजेड. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं, उरलेल्या वेळात मासे. सहा वर्षांच्या माझ्या रेवाला गॅलरी आवडली, मला विचुंब्याचं तळं.

३० ऑगस्ट
तळ्यात जाळं टाकणाऱ्या जगनने करंगळीएवढा मासा दिला. शी! अंगभर शेंबडासारखा चिकटा आणि ओठ चक्क माणसासारखे. पोहायच्या परांमधले काटे नाक दाबून मोजले. पण कुठल्याच पुस्तकात हा नाही. नवी जात! गावात याला काय म्हणतात, विचारलं. जगन म्हणाला, "नाय." मी 'स्थानिक नाव: नाय' असं टिपून घेतलं आणि मासा फॉर्मलिनच्या बरणीत घातला.

३ फेब्रुवारी १९९३
नव्या जातीवरचा शोधनिबंध छापून आला! माशाच्या शास्त्रीय नावात रेवाचं नाव घातलंय. जगनकडे पेढे नेले, तर गडी हात लावेना. म्हणे, 'नाय' हे नाव नव्हतंच, नाव ठेवायचं नाय असं तो सांगत होता. ज्याचं नाव द्याल त्याला हा मासा हळूहळू ओढून घेतो म्हणे. काहीतरीच बाई!

९ फेब्रुवारी
रेवाच्या अंगाला नासक्या मासळीचा वास येतोय. तीनदा न्हाऊ घातलं. टॉवेलला बुळबुळीत तार सुटते. पोटच्या पोरीला जवळ घेताना मी अंग चोरलं. लाज वाटते मला माझी.

१४ फेब्रुवारी
एसटीडीवरून निबंध छापणाऱ्या संपादकांना फोन केला, नाव मागे घ्या म्हटलं. ते हसले. छापलेलं पहिलं नाव कायमचं, हा नियम तुम्हाला मी सांगायचा का, म्हणाले.

१७ फेब्रुवारी
रेवाच्या भुवया गळल्या. ओठ — नाही लिहवत. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी. डोंबल! बरणीतला मासा मात्र गुटगुटीत. गालावर खळी. रेवाची.

१८ फेब्रुवारी
जगनच्या पाया पडले. उपाय एकच म्हणाला — ज्यानं नाव ठेवलं त्यानंच तो मासा खायचा. मग नाव सुटतं.

दुपारी
धुतला. तळला. तरी बुळबुळीतच. शेपटीकडचा पहिला घास — गिळला. घसा जळतोय. दुसरा तोंडात —

आतल्या खोलीतून रेवा किंचाळली. आई, पाय चावू नको —

घास तोंडातच आहे. थुंकू की