झिलईच्या खोलीची दृष्ट

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पत्राला उशीर का, असं विचारू नकोस. तुझंही दोन महिने आलेलं नाही. बातमी गोड आहे. सूनबाईला दिवस गेले आहेत. तू आजोबा होणार, आता तरी टोपीखाली टक्कल लपवणं सोड.

पण तेव्हापासून घरात धुसफुस चालू आहे. सासूबाईंनी तिला झिलईच्या खोलीत जायची बंदी केली. पोटुशी बाई तिथे गेली की भट्टीची दृष्ट लागते आणि मूल राहत नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. माझ्या वेळी मी मुकाट्याने पाळला. सूनबाई तशातली नव्हे. मातीच्या बरण्यांना झिलई, म्हणजे तो चकचकीत लेप, चढवण्यात तिचा हात आत्ता कुठे बसत होता, त्यामुळे रोज वाद. मला तिचंच पटतं. भट्टीला डोळे कुठे असतात?

तिने झिलईच्या भुकटीची पुडी बांधून दिली आहे, ती सोबत आहे. तू रंगाच्या कारखान्यात दिवसभर तपासण्याच करतोस. हिच्यात वाईट काही नाही, असा शिक्क्याचा कागद धाड, म्हणजे सासूबाईंपुढे ठेवता येईल.

यांचं पोट पुन्हा दुखतं आहे आणि उजवं मनगट धरत नाही. परवा ओली बरणी हातातून सुटली. जन्मभर चिखल मळला, दुसरं काय होणार, म्हणतात.

काम सांगते म्हणून कंटाळू नकोस, माया असू दे.

तुझी
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी वाचून कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. टोपी मात्र राहील.

कागद सोबत आहे, पण तुला हवा तसा नाही. भुकटीत निम्म्याहून जास्त शिसं आहे. ते श्वासातून, हाताला लागून पोटात जातं आणि गर्भातल्या बाळाला बाधतं. तुझ्या सासरच्या कुणा बाईने कधीकाळी पाहिलं असेल, की त्या खोलीत राबणाऱ्यांची मुलं राहत नाहीत. शिसं तिला ठाऊक नव्हतं, दृष्ट ठाऊक होती. तिने तीच सांगितली. जन्मभर मी अशा नेमांना हसलो, इथे मुकाट कान पकडतो.

पण तिचा नेम अर्धाच आहे. आत येणारा कोण, हे भुकटी विचारत नाही. पोटदुखी, लुळं मनगट, ही शिशाचीच लक्षणं वाटतात. भाऊजींना आणि सूनबाईला उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे ने, रक्त तपासून घे. खोलीला कुलूप घाल. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

सूनबाई सुखरूप आहे. ती त्या खोलीत नवीन, म्हणून तिच्या रक्तात थोडंच निघालं; बाळाची वाढ ठीक आहे, पण डॉक्टर नजर ठेवणार आहेत. यांचं आयुष्य त्या खोलीत गेलं, यांचा आकडा पाहून मात्र डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. औषध चालू आहे. पोटदुखी थांबली. मनगट किती सुधारेल, ते कुणी छातीठोक सांगत नाही.

सासूबाईंना तुझा कागद वाचून दाखवला. वाटलं होतं, आता आम्हाला चार शब्द ऐकवतील. तसं काही झालं नाही. म्हणाल्या, यांच्या आधीची त्यांची दोन मुलं गेली होती, त्यानंतर त्यांना सासूने हा नेम सांगितला. आणि मला विचारलं, की बायकांना अडवलं, मग माझ्या मुलाला कुणी का नाही अडवलं?  कुलूप त्यांनी स्वतः घातलं.

घाईत आहे, दवाखान्यात डबा न्यायचा आहे. आठवण ठेव.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिनशिशाची झिलई पाठवतो आहे. चमक कमी येईल, सूनबाई कुरकुरेल, कुरकुरू दे. आणखी एक, जुन्या बरण्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना सांगा, की त्यांत लोणच्यासारखं आंबट ठेवू नका. आंबटाने झिलईतलं शिसं अन्नात उतरतं. तुमच्या धंद्याची बदनामी होईल, पण सांगायलाच हवं. रविवारी भाऊजींना भेटायला येतो.

तुझाच
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

हे घरी आले. तू येऊन गेल्यापासून बोटं थोडी वळतात. सदऱ्याची गुंडी मात्र मीच लावते. नव्या बरण्या अगदी मंद निघाल्या. सूनबाईने त्यांना आजारी बरण्या असं नाव ठेवलं आहे.

बरण्यांचं सांगायला सासूबाई स्वतः निघाल्या. पहिल्या दोन घरी त्यांनी शिसं आहे म्हणून सांगितलं. तिथे बायका हसल्या, आमच्या आजीपासून वापरतो म्हणाल्या. तिसऱ्या घरी सासूबाईंनी सांगितलं, की आमच्या जुन्या बरणीत आंबट ठेवलं तर घरातल्या कर्त्याचा हात वाळतो, माझ्या लेकाचा पाहा. त्या बाईने उभ्याउभ्या बरणी रिकामी करून मोरीत घासली. त्यानंतर सासूबाई सगळीकडे हेच सांगत सुटल्या. आता आमच्या गल्लीत जुन्या बरणीत कुणी आंबट ठेवत नाही; पुढच्या गल्ल्या अजून बाकी आहेत.

सूनबाई भयंकर चिडली आहे. खरं काय ते माहीत असताना पुन्हा दृष्टच पसरवायची का, म्हणते. ती उद्यापासून सासूबाईंच्या मागोमाग त्याच घरांत जाऊन शिशाचं समजावणार आहे. सासूबाई म्हणाल्या, जा, पण दर घरी आधी मी जाणार.

बरोबर कोण, याचा निवाडा दोघींनी माझ्याकडे मागितला. मी कागद-पेन घेऊन तुला लिहायला बसले. तूच काय ते कळव, आणि दोघींवर सारखीच माया ठेवून कळव.

तुझी
ताई